पहिल्या वासाचा नियम

दिनांक अठरा नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी साडेदहा वाजता, साबणाच्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत, ‘परीक्षक क्रमांक दोन यांची कामावरील पात्रता’ हा एकच विषय घेऊन समिती भरली. अध्यक्षस्थानी मुख्य परीक्षक होते. वयाने सहासष्ट, सेवेने चव्वेचाळीस, आणि सगळ्या कारखान्याला नुसते ‘मास्तर’. त्यांच्या उजव्या हाताला व्यवस्थापक बसले होते. साक्षीसाठी परीक्षक क्रमांक एक याला बोलावले होते. त्याला ‘शिंक्या’ म्हणत, कारण तेवीस वर्षांपूर्वी मुलाखतीला आलेला असताना तो मास्तरांच्या तोंडावरच शिंकला होता. त्यानंतर तो क्वचितच शिंकला असेल, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

ज्या बाईसाठी हा सारा खटाटोप होता, ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. एकेचाळीस वर्षांची, ठेंगणी, बसक्या नाकाची. तिला ‘नकटी’ हे नाव मास्तरांनीच दिले होते आणि ते त्यांच्या तोंडी कौतुकाचे होते. कारण त्या बसक्या नाकाइतके तीक्ष्ण नाक त्यांना चव्वेचाळीस वर्षांत दुसरे आढळले नव्हते.

“बसा ना बाई,” व्यवस्थापक म्हणाले.

“उभीच बरी आहे. बसले तर कोणीतरी लिहून घ्यायचं, चक्कर आली म्हणून.”

व्यवस्थापकांनी समोरचा कागद सरळ केला. “हे पाहा, आपण भांडायला जमलेलो नाही. तीन ऑक्टोबरला तुम्ही कामावर बेशुद्ध पडलात. फीट आली. त्यात तुमचा दोष नाही, कोणी तसं म्हणतही नाही. वेष्टन विभागात एक जागा आहे. पगार हाच, मान हाच, खिडकीजवळची खुर्ची. कारखान्याने माणुसकी सोडलेली नाही.”

“माणुसकी नेहमी खिडकीजवळच का बसवते, साहेब? मला नाकाने काम येतं. चिकटपट्टी लावायला माझं नाक कशाला पाहिजे?”

शिंक्याने खाली मान घालून हसू दाबले. मास्तर हसले नाहीत.

तिला काय हवे होते ते स्पष्ट होते: हुंगण्याच्या खोलीतले आपले लाकडी स्टूल. त्या स्टुलावर ती एकोणीस वर्षे बसली होती, आणि तिथून उठवले जाण्यात तिला बदली दिसत नव्हती. तिला त्यात एका आजाराने एका माणसाची जागा घेतलेली दिसत होती.

हुंगण्याच्या खोलीचे काम थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण सगळा वाद त्या कामाच्या रीतीतून उपजलेला आहे. खाली मोठ्या टाक्यांतून तेल आणि क्षार यांचे मिश्रण शिजते. सुगंध घालण्यापूर्वी प्रत्येक टाकीतले मिश्रण माणसाने हुंगून पास करावे लागते, कारण तेल किंचित जरी करपलेले असेल तर कितीही उंची अत्तर ओतले तरी तो वास महिन्याभराने वडीतून डोके वर काढतो. टाकीवर शिडी लावून नमुना काढायचा, त्यात कागदी पट्टी बुडवायची, आणि दोन परीक्षकांनी आपापल्या आडोशात बसून, एकमेकांशी न बोलता, निकाल चिठ्ठीवर लिहून कुलूपबंद पेटीत टाकायचा. दोघांपैकी एकानेही ‘नापास’ लिहिले तरी टाकी परत जाते. खोलीच्या दारावर मास्तरांनी तरुणपणी केलेले सहा नियम टांगलेले आहेत. त्यांतला तिसरा असा: ‘पहिला वास हाच खरा. पट्टी दुसऱ्यांदा हुंगू नये. लिहिलेला निकाल खोडू नये.’ या नियमामागे तर्क होता. नाक लवकर थकते, आणि शंका घेत बसलेला परीक्षक शेवटी शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून निकाल वाचू लागतो. चाळीस वर्षे हा नियम निभावला. चाळीस वर्षे निभावलेला नियम तपासून पाहावा असे कोणाच्या मनात येत नाही, आणि नेमकी तीच त्याची धोक्याची अवस्था असते.

ऑगस्ट-सप्टेंबरात नकटीने चार टाक्या नापास केल्या. चारही चिठ्ठ्यांवर एकच शेरा: ‘जळका रबर’. शिंक्याला तसा वास आला नव्हता. प्रयोगशाळेतल्या यंत्रालाही काही सापडले नाही. तेव्हा मास्तरांनी व्यवस्थापकांना सांगितले होते, “यंत्राला जे कळत नाही ते नकटीला कळतं. टाक्या परत पाठवा.” आणि टाक्या परत गेल्या. कारखान्यात तिचा दबदबा वाढला. टाकीवरचे कामगार तिला जिन्यात वाट देऊ लागले.

मग तीन ऑक्टोबर उजाडला.

“काय झालं ते सांग,” मास्तर शिंक्याला म्हणाले.

शिंक्या उभा राहिला. “आमच्यामध्ये लाकडी पडदा असतो, पण पाय दिसतात. हिचा पाय हलायचा थांबला. मी वाकून पाहिलं. हिची नजर भिंतीवर. ओठ हलत होते, काही चघळतेय असे. उजव्या हाताने कोटाचं बटण चाळवत होती. मी म्हटलं, काय गं, झोपलीस का? उत्तर नाही. अर्धा मिनिट तसंच. मग एक आवाज काढला, कण्हल्यासारखा पण मोठा, आणि लाकडासारखी ताठ झाली आणि पडली. मग हातपाय उडायला लागले.”

“आणि तू काय केलंस?” नकटीने मध्येच विचारले.

शिंक्या ओशाळला. “मी… जीभ चावली जाऊ नये म्हणून तोंडात नमुन्याचा चमचा घातला.”

“स्टीलचा. माझा दात तुटला.” तिने ओठ वर करून तुटका दात समितीला दाखवला. “झटक्याने मला काही केलं नाही, साहेब. मदतीने केलं. तोंडात काही घालायचं नसतं, हातपाय दाबून धरायचे नसतात. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही सरकवायचं, घड्याळ पाहायचं, आणि पाच मिनिटांवर गेलं तर गाडी बोलवायची. एवढं केलं की झालं. बाकीचं मी एकटी निभावते.”

“दोन मिनिटांत थांबलं,” शिंक्या घाईने म्हणाला. “पण नंतर अर्धा तास ती आपल्यात नव्हती. मला ओळखेना. सारखं विचारत होती, कुठली टाकी, कुठली टाकी. मग गाढ झोपली. आणि समोरच्या चिठ्ठीवर ‘जळका र’ एवढंच लिहिलेलं होतं.”

त्या पडण्यानंतर ती मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली. सोबत आई होती. डॉक्टर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, टेबलावर एकही कागद आडवा न ठेवणाऱ्या बाई होत्या. नकटीला एकही प्रश्न विचारण्याआधी त्यांनी शिंक्याने लिहून दिलेला वृत्तांत दोनदा वाचला.

“हे लिहिणारा माणूस चांगला साक्षीदार आहे,” त्या म्हणाल्या. “झटका ज्याला येतो त्याला तो दिसत नाही. म्हणून माझं अर्धं निदान दुसऱ्याच्या डोळ्यांवर चालतं.”

“पण मला झालंय काय?”

“एक कचेरी डोळ्यांसमोर आणा. तिथं प्रत्येक जण आपापलं काम करतो, आपापलं बोलतो, म्हणून गाडा चालतो. समजा एकाएकी सगळे एका तालात टेबलं बडवायला लागले, तर काम थांबेल. मेंदूतल्या पेशींचं तसं झालं की झटका. आता हे बडवणं सबंध इमारतीत एकदम सुरू झालं तर एक प्रकार. त्यात काही जण एकदम पडतात, तर काही मुलं नुसती दहा सेकंद हरवतात, शाळेत शिक्षक समजतात पोरगं खिडकीबाहेर बघतंय. दुसरा प्रकार म्हणजे बडवणं एका कोपऱ्यात सुरू होतं. कोपऱ्यातच थांबलं तर माणूस शुद्धीवर असतो, सगळं कळतं. शेजारच्या खोल्यांत गेलं तर भान जातं; हात बटण चाळवतो, ओठ हलतात, माणूस मात्र तिथं नसतो. आणि सगळ्या इमारतीत पसरलं तर तो पडतो. तुमच्या जोडीदाराने या तीन पायऱ्यांतल्या शेवटच्या दोन पाहिल्या.”

“आणि पहिली?”

“ती फक्त तुम्हाला ठाऊक असणार. ती शेवटी विचारते. आधी सांगा, एक-दोन दिवस आधीपासून काही बदल जाणवतो? चिडचिड, झोप नीट न लागणं?”

“पडली त्याच्या आदल्या दिवशी ही उगाचच भांडली,” आई म्हणाली.

“आई, मी रोजच भांडते.”

“रोज कारणाने भांडतेस. त्या दिवशी विनाकारण.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतले. मग त्यांनी कारणांकडे मोर्चा वळवला. डोक्याला मार, मेंदूचा संसर्ग, झटका येण्याचा घराण्यातला कल, एकेक विचारत गेल्या. “पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडतच नाही,” त्यांनी बजावले. “लहानपणी तापात आकडी आली होती?”

“छे हो,” आई म्हणाली. “काही नाही. गुटगुटीत होती.”

पुढच्या आठवड्यात तपासण्या झाल्या. डोक्याला तारा लावून काढलेला आलेख निर्दोष आला. दोन झटक्यांच्या मधल्या काळात तो तसा येऊ शकतो, म्हणून डॉक्टर त्यावर विसंबल्या नाहीत. मेंदूच्या चित्रात मात्र उजव्या कानाच्या आतल्या अंगाला एक आक्रसलेला, पांढुरका भाग दिसला. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने तो दाखवला. “हा जुना व्रण आहे. फार जुना.”

मग आईने पदर हातात घट्ट धरला.

“चौदा महिन्यांची होती. ताप चढला होता. अर्धा तास हातपाय उडत होते. मला वाटलं, गेली.”

“आणि हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळतंय?” नकटी म्हणाली.

“कळलं असतं तर कोणी लग्न केलं असतं तुझ्याशी?”

“स्थळं सगळी मीच परत पाठवली ना? मग तुझं गुपित कोणाच्या कामी आलं?”

“नकटीच्या लग्नाला आधीच सतराशे विघ्नं,” आई रडत रडत म्हणाली, “त्यात आणखी एक मी माझ्या तोंडाने कशी सांगू?”

यावर नकटीला हसू आले, आणि ते हसू आवरेपर्यंत तिचा राग निम्मा उतरला. डॉक्टरांनी शपथेवर बोलल्यासारखे सांगितले की हा व्रण त्या तापानेच झाला असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण इतक्या लांबलेल्या आकडीनंतर तो राहू शकतो, आणि पुढे तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी तिथून झटके सुरू होऊ शकतात.

“आता पहिली पायरी. पडण्यापूर्वी शेवटचं काय आठवतं?”

“जळक्या रबराचा वास. टाकीचा.”

“टाकीचा, हे कशावरून?”

नकटी ताडकन उठली. “एकोणीस वर्षं हुंगते मी, डॉक्टर. वास कुठून येतो हे मला कोणी शिकवायचं नाही.”

“शिकवत नाही, विचारते. तुमच्या जोडीदाराला आला का तो?”

नकटी पुन्हा खाली बसली. त्याला तो त्या दिवशी आला नव्हता. त्याआधीच्या चारही वेळी आला नव्हता.

“मेंदूचा हा जो कोपरा आहे,” डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “तिथं वास आणि आठवणी एकमेकांच्या शेजारी राहतात. लोक म्हणतात, झटक्याआधी सूचना मिळते. खरं म्हणजे ती सूचना हाच झटका असतो, कोपऱ्यातला, छोटा. कोणाला पोटातून काही वर चढल्यासारखं वाटतं, कोणाला ओळखीची जागा परकी वाटते. थोड्या जणांना वास येतो, आणि तो बहुधा घाणेरडाच असतो. बाहेर काही नसतं. नाकात काही नसतं. पण वास तंतोतंत खरा असतो. तो एक-दीड मिनिटाच्या वर टिकत नाही.”

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, वेळा सांगितल्या, एकही गोळी चुकवायची नाही आणि जागरण करायचे नाही असे बजावले. नकटीने त्या दिवशीपासून एकही वेळ चुकवली नाही. पण डॉक्टरांचा प्रश्न तिला गोळीसारखा गिळता येईना.

सक्तीच्या रजेवर असतानाच ती एका सकाळी कोट नेण्याच्या निमित्ताने कारखान्यात गेली. प्रत्येक टाकीचा एक सीलबंद नमुना थंड कपाटात वर्षभर राखून ठेवतात. तिने शिंक्याला सांगितले: त्या चार नापास टाक्यांच्या बाटल्या काढ, पास झालेल्या चार काढ, सगळ्यांवरच्या चिठ्ठ्या झाकून वर तुझे आकडे लाव, आणि यादी माझ्यापासून लपव.

“कशाला खाजवून खरूज काढतेस?” तो म्हणाला, पण त्याने तसे केले.

तिने आठही पट्ट्या हुंगल्या. मग स्टुलावर पंधरा मिनिटे बसून राहिली आणि नव्या पट्ट्यांवर पुन्हा हुंगल्या. आठही स्वच्छ होत्या. दोन्ही वेळा. जिच्या नाकासाठी कामगार जिन्यात वाट सोडत होते, त्या बाईने चार निर्दोष टाक्यांना आयुष्यात कधी नसलेला दोष लावला होता. फरशीवर पडताना तिला लागले नव्हते इतके त्या क्षणी लागले.

“कोणाला बोलू नकोस,” शिंक्या दार लोटून म्हणाला. “झाकली मूठ सव्वा लाखाची. समितीला एकदा पडलेलं माहीत आहे, बस्स. डॉक्टरचं पत्र दे, गोळ्या दाखव, सुटशील. ह्या चार टाक्या बाहेर काढल्यास तर तूच तुझ्या पायावर धोंडा पाडून घेशील.”

“आणि पाचवी टाकी?”

“कुठली पाचवी?”

“गोळ्या असूनही उद्या तो वास आलाच, तर मी काय लिहू? नियम तिसरा म्हणतो, पहिला वास खरा. मी गप्प बसले तर नियम तसाच राहतो आणि मी पुन्हा खोटं लिहिणार. नाक खोटं बोललं तर बोलो. माझी सही खोटं बोलणार नाही.”

हे सगळे अठरा नोव्हेंबरच्या आधी घडले होते. आणि म्हणूनच, शिंक्याची साक्ष संपताच, नकटीने पायाशी ठेवलेली लाकडी पेटी उचलून टेबलावर ठेवली, आणि त्या आठ बाटल्यांची हकिगत एक शब्दही न गाळता समितीला सांगितली.

व्यवस्थापकांनी ती संपेपर्यंत दम धरला. “म्हणजे तुम्हीच कबूल करता,” ते म्हणाले, “की चार टाक्या तुमच्या आजाराने परत गेल्या?”

“तीन मिनिटांपूर्वी सांगितलं तेच सांगते. होय.”

“मग आता बोलण्यासारखं उरलं काय?”

“आता कुठे सुरुवात झाली. तुम्हाला भीती कसली आहे? झटक्यात मी खराब टाकी पास करीन, याची? तसं होऊ शकतं हे दाखवून द्या. कोपऱ्यातला झटका असतो तेव्हा मला वाईट वास येतो, म्हणजे मी नापास लिहीन. तो पसरला की मी लिहूच शकत नाही. चिठ्ठी अर्धी राहते, आणि अर्धी चिठ्ठी म्हणजे पास नव्हे. झटका चांगली टाकी थांबवू शकतो, वाईट टाकी सोडू शकत नाही. आणि थांबवलेली चांगली टाकी वाचवायला पंधरा मिनिटं पुरतात. माझा खोटा वास दीड मिनिटात जातो. करपलेल्या तेलाचा कुठे जातो? या चारही वेळी मला दुसऱ्यांदा हुंगू दिलं असतं, तर चारही टाक्या पास झाल्या असत्या. मला माझ्या मेंदूने एक मिनिट फसवलं. पुढचे दोन महिने दारावरच्या पाटीने फसवलं.”

पाटी मास्तरांची होती. खोलीतले सगळे जण त्यांच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करू लागले.

“नकटे,” मास्तर प्रथमच बोलले, आणि त्यांचा आवाज खरखरीत होता, “त्या चार टाक्यांसाठी मी यंत्राला नावं ठेवली. तुझ्यामुळे मी सगळ्या कारखान्यासमोर तोंडघशी पडलो.”

“होय, मास्तर. त्याबद्दल वाईट वाटतं. पण माझ्यामुळे नाही पडलात. माझ्या नाकाला चूक होऊच शकत नाही असं तुम्ही मानलंत. तसं कुठल्याच नाकाबद्दल मानू नये. मागल्या हिवाळ्यात याला आठ दिवस सर्दी होती,” तिने शिंक्याकडे बोट दाखवले, “नाक चोंदून भोपळा झालं होतं. त्या आठ दिवसांत याने अकरा टाक्या पास केल्या. बसली होती का कोणाची समिती?”

“अगं ए, मला का ओढतेस?” शिंक्या ओरडला, मग गप्प होऊन म्हणाला, “बारा होत्या.”

नकटीने पेटी मास्तरांपुढे सरकवली. “याच आठ. आकडे काल याने पुन्हा बदललेत, यादी त्याच्या खिशात आहे, मी पाहिलेली नाही. तुम्ही हुंगा. तुमच्याच नियमाने.”

“समितीने काय प्रयोगशाळा उघडायची?” व्यवस्थापक म्हणाले.

मास्तरांनी हाताने त्यांना थांबवले. खिशातून पट्ट्यांचे पाकीट काढले, कारण ते त्यांच्याकडे नेहमी असे, आणि एकेक बाटली उघडून, डोळे मिटून, हुंगून, आठ चिठ्ठ्या लिहिल्या. सात चिठ्ठ्यांवर ‘पास’. पाचव्या बाटलीच्या चिठ्ठीवर ‘जळकट, अंधुक. नापास’.

“आता पंधरा मिनिटं थांबा,” नकटी म्हणाली.

“लिहिलेलं मी खोडत नाही.”

“खोडू नका. नुसते थांबा.”

मास्तर थांबले. भिंतीवरचे घड्याळ पुढे सरकत राहिले. व्यवस्थापकांना रिकामा वेळ सोसत नसे. त्यांनी फायलीतून एक टंकलिखित कागद काढून तिच्यापुढे धरला. “आपण मध्यममार्ग काढू. यावर सही करा. पुन्हा असा प्रकार झाल्यास तुम्ही स्वखुशीने काम सोडाल, एवढंच आहे.”

तिने कागद वाचला, शेवटपर्यंत, आणि परत दिला. “सही करणार नाही.”

“का? डॉक्टर म्हणतात ना, औषधाने बहुतेकांचे थांबतात? मग भीती कशाची?”

“बहुतेकांचे थांबतात, तिघांत साधारण दोघांचे. मी तिसरी निघाले, तर तो माझा गुन्हा? खाली भट्टीवाल्याला दमा आहे. त्याच्याकडून लिहून घेतलंत का, पुन्हा धाप लागली तर स्वखुशीने जाईन म्हणून? ज्या गोष्टीवर माझा ताबा नाही तिच्यावर मी स्वखुशी कशी लिहू? ज्यावर ताबा आहे ते मागा, आत्ता देते. गोळी चुकवणार नाही. रात्रपाळी करणार नाही. शिडी चढून नमुना काढायचा नाही असं डॉक्टरांनी लिहिलंय, ते मला पटलंय, तिथून पडले तर टाकीत पडेन. शिडी सोडली. आदल्या दिवशी मी विनाकारण भांडले तर आईची साक्ष काढा आणि त्या दिवशी मला घरी पाठवा. आणि तो वास आला की मी चिठ्ठीवर ‘जळका रबर, पुन्हा हुंगावा’ असं लिहीन आणि खाली सही करीन. यापलीकडे माझ्याकडून काही मागायचं असेल, तर ते कारखान्याच्या भल्यासाठी नाही. ते तुमच्या डोळ्यांसमोर नको म्हणून आहे.”

व्यवस्थापकांनी कागदाची घडी घातली. ते रागावले होते की विचारात पडले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते.

“वेळ झाली,” शिंक्या म्हणाला.

मास्तरांनी नवी पट्टी पाचव्या बाटलीत बुडवली. हुंगली. मान वळवून खिडकीकडे श्वास सोडला आणि पुन्हा हुंगली. मग त्यांनी तिसरी पट्टी घेतली. इतका वेळ त्यांना एका पट्टीवर वाकलेले कोणी पाहिले नव्हते.

“यादी काढ,” ते शिंक्याला म्हणाले.

शिंक्याने खिशातला कागद उलगडला. पाचवी बाटली नापास टाक्यांपैकी नव्हती. जुलै महिन्यातली एक टाकी होती ती. दोन्ही परीक्षकांनी पास केलेली, आणि वर मास्तरांची सही असलेली.

“तुम्हाला अपस्मार नाही, मास्तर,” नकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता धार कमी होती. “पेटीत चार वादाच्या बाटल्या आहेत हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. त्यांतली एक तरी सापडणारच, असं तुमच्या नाकाने आधीच ठरवून ठेवलं. माझं नाक कधी खोटं बोलतं हे मला आता ठाऊक आहे. किती वेळ बोलतं हेही ठाऊक आहे. तुमच्यापैकी कोणाला स्वतःबद्दल एवढं सांगता येईल? मग स्टुलावरून मीच का उठू?”

मास्तरांनी ती चिठ्ठी पुढ्यात ओढली. मग त्यांनी लेखणी उघडली, ‘जळकट, अंधुक. नापास’ या शब्दांवरून एक सरळ रेघ ओढली, खाली ‘पास’ लिहिले, तारीख घातली, सही केली.

“साहेब, इतिवृत्तात लिहून घ्या,” ते व्यवस्थापकांना म्हणाले. “परीक्षक क्रमांक दोन आपल्या जागेवर राहील. शिडी चढणार नाही. काम सोडण्याच्या कोणत्याही कागदावर सही करणार नाही. नापास टाकी दोन्ही परीक्षकांनी पंधरा मिनिटांनी पुन्हा हुंगायची. नियम तिसरा चुकीचा होता.”